मुलांचा ल्युकेमिया : काउंट, ताप आणि मेंटेनन्सच्या गोळ्या

गिरणगाव
मुलाच्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर 'ब्लास्ट' (कच्ची पेशी) हा शब्द आला की आईबापांची पहिली रात्र मोबाइलवर जाते, आणि तिथे सापडतं ते बरंचसं मोठ्या माणसांच्या कर्करोगाबद्दल असतं. लहान मुलांचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, हे निराळं प्रकरण आहे, म्हणून हा स्वतंत्र धागा. इथे नेमकी माहिती लिहूया: काय करायचं, कधी करायचं, काय चुकतं आणि का. डोस मात्र प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. इथला आकडा वाचून घरी काहीही बदलू नका.

आधी आजार समजून घेऊ. रक्तपेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. तिथली एक कच्ची पांढरी पेशी पिकायच्या आधीच अडकते आणि तशीच दुणावत सुटते. तिने मगज भरला की बाकीच्यांना जागा उरत नाही. लाल पेशी घटतात, पोर पांढुरकं पडतं, दोन जिने चढून दमतं. प्लेटलेट घटतात, मग हिरड्यांतून रक्त येतं, नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. या ठिपक्यांवर काचेचा पेला दाबून पाहा, ते पुसट होत नाहीत. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी घटतात, म्हणून ताप हटत नाही. हाडांत गर्दी झाल्यामुळे पाय दुखतात, मूल लंगडतं, रात्री उठून रडतं आणि घरचे म्हणतात, वाढीचं दुखणं आहे.

मुलांच्या ल्युकेमियात साधारण चारांपैकी तिघांना एएलएल (लिम्फॉइड पेशींचा) असतो, उरलेल्यांत बहुतेक एएमएल (मायलॉइड पेशींचा). एएलएल सर्वांत जास्त दिसतो तो दोन ते पाच वर्षांच्या वयात. तो संसर्गाने पसरत नाही, भावंडांनी एका ताटात जेवलं तरी काही होत नाही. आणि बहुतेक मुलांत तो आईवडिलांकडून आलेलाही नसतो. गरोदरपणात काय खाल्लं, कुणाची दृष्ट लागली, कुठली लस दिली, या चौकशीत आईला उभं करणाऱ्या नातेवाइकांना हा परिच्छेद वाचायला द्या.

पागोळी
पावसाळ्यातला घोळ आधी सांगते, कारण मुंबईत उशीर तिथे होतो. जुलै ते ऑक्टोबर ताप आणि प्लेटलेट कमी म्हटलं की डेंग्यूच डोळ्यांपुढे येतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. पण डेंग्यूत प्लेटलेट चौथ्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास खाली जातात आणि दहाव्या दिवसापर्यंत आपोआप वर येऊ लागतात. शिवाय डेंग्यूत रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतो. रक्तस्राव झालेला नसताना हिमोग्लोबिन ६ आणि प्लेटलेट २०,००० असं दोन्ही एकदम असेल तर 'डेंग्यूच, पपईच्या पानांचा रस द्या' म्हणून बसून राहायचं नाही. दोन आठवडे उलटून काउंट वर येत नसतील, किंवा लाल, पांढऱ्या, प्लेटलेट यांतल्या दोन ओळी बिघडलेल्या असतील, तर स्मिअर मागा. म्हणजे मशीनच्या आकड्यावर न थांबता पॅथॉलॉजिस्टने काच सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहायची.

पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात असंही नाही. बऱ्याच मुलांत त्या सुरुवातीला नेहमीएवढ्या किंवा कमी असतात.

दुसरी गफलत मानेच्या गाठींची. आपल्याकडे गाठ म्हणजे टीबी, आणि तपासणी न करता सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू. गाठीबरोबर पांढुरकेपणा, ठिपके किंवा पोटाला डाव्या बाजूला प्लीहा लागत असेल तर आधी सीबीसी. आणि आडवं झाल्यावर धाप लागत असेल, चेहरा सुजत असेल, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. टी-सेल प्रकारात छातीत गाठ असू शकते, तिथे रात्र थांबण्यातही धोका आहे.

टेस्टट्यूब
पागोळीताईंना पुस्ती जोडतो, कारण ही चूक पुढे फार महागात पडते. निदान होण्याआधी स्टेरॉइड नको. सांधे दुखतात म्हणून संधिवात समजून, अंगावर उठलंय म्हणून अ‍ॅलर्जी समजून प्रेडनिसोलोनचं सिरप दिलं जातं आणि दोन दिवसांत मूल खेळायला लागतं. ते बरं झालेलं नसतं. एएलएलच्या पेशी स्टेरॉइडने झटपट वितळतात, त्यामुळे मगजाची तपासणी धूसर येते, सुरुवातीचा खरा पांढऱ्या पेशींचा आकडा हातचा जातो आणि जोखीम ठरवणं अवघड होतं. दिलं गेलंच असेल तर कुठलं, किती मिली, किती दिवस हे चिठ्ठीवर लिहून कॅन्सरच्या डॉक्टरांना आधीच सांगा. लपवू नका.

तपासण्या अशा. कमरेच्या मागच्या हाडातून मगज ओढतात, बोन मॅरो. त्यावर फ्लो सायटोमेट्री होते: पेशी बी की टी, लिम्फॉइड की मायलॉइड, हे त्यातून कळतं. मग गुणसूत्रांच्या तपासण्या. त्यांत फिलाडेल्फिया नावाचं बदललेलं गुणसूत्र सापडलं तर केमोबरोबर इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिबच्या गोळ्या सुरू होतात, म्हणून तो रिपोर्ट आला का हे विचारत राहा. पाठीतलं पाणी काढून मेंदूपर्यंत आजार पोचलाय का तेही बघतात. वय एक ते दहाच्या आत आणि निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी ५०,००० च्या खाली, हा ढोबळमानाने कमी जोखमीचा गट. पुढे गुणसूत्रं आणि उपचारांना मिळालेला प्रतिसाद पाहून गट बदलू शकतो. गट वर गेला म्हणजे मुलाचं काही बिघडलं असं नाही, औषध जास्त तिखट लागणार एवढाच अर्थ.

बोन मॅरो किंवा पाठीच्या इंजेक्शनला गुंगी देतात तेव्हा जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. रांगेत मूल रडतंय म्हणून हळूच दिलेलं एक ग्लुकोज बिस्कीट त्या दिवशीची प्रोसिजर रद्द करवतं, कारण गुंगीत उलटी फुप्फुसात जाऊ शकते.

सहावी_गल्ली
एक शंका. पहिल्या महिन्यानंतर 'रेमिशन' लिहून देतात. मगजात ब्लास्ट पाच टक्क्यांच्या आत. मग पुढे दोन-अडीच वर्षं औषध कशाला? घरचे हेच विचारतात आणि उत्तर देता येत नाही.

गिरणगाव
घरच्यांना आकड्यात सांगा. निदानाच्या वेळी अंगात रोगट पेशी असतात साधारण एक लाख कोटी. पहिल्या महिन्याच्या औषधाने त्यांतल्या शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या तरी मागे हजार कोटी उरतात. मूल हसतं-खेळतं, काउंट सुरेख, सूक्ष्मदर्शकालाही काही दिसत नाही, आणि आत हजार कोटी पेशी बसलेल्या. म्हणूनच एमआरडी ही उरलेल्या रोगट पेशी शोधणारी बारीक तपासणी करतात. ती दहा हजारांत एक रोगट पेशीसुद्धा पकडते. इंडक्शनच्या, म्हणजे या पहिल्या महिन्याच्या टप्प्याच्या, शेवटी एमआरडी ०.०१ टक्क्याच्या खाली आला तर ती मोठी आनंदाची बातमी, पण शून्य नव्हे. उरलेल्या मारायलाच पुढचे टप्पे: कन्सॉलिडेशन, इंटेन्सिफिकेशन आणि मग लांबलचक मेंटेनन्स.

श्रीमंत देशांत एएलएलची दहातली नऊ मुलं बरी होतात. औषधं बव्हंशी तीच आहेत, जुनी, आणि आपल्याकडेही मिळतात. आपली मुलं मागे पडतात ती संसर्गामुळे, आजार उलटल्यामुळे आणि उपचार अर्धवट सुटल्यामुळे. यातल्या दोन गोष्टींत घरच्यांचा हात पोचतो, ताप आणि गोळ्या. त्यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सलाईन_स्टँड
तापाबद्दल मी लिहिते. हे छापून फ्रिजवर लावलंत तरी चालेल.

केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट सहसा तळाला असतात, इंडक्शनमध्ये तर जवळजवळ महिनाभर. तेव्हा ताप हे एकच लक्षण असू शकतं. पू धरायला, घसा लाल व्हायला ज्या पेशी लागतात त्याच अंगात नसतात. 'सर्दी-खोकला काही नाही, नुसता ताप आहे' हे वाक्य इतर मुलांच्या बाबतीत दिलासा देणारं आहे, या मुलांच्या बाबतीत अजिबात नाही.

डिजिटल थर्मामीटर घरात एक आणि पिशवीत एक. १००.४ फॅरनहाइट दिसलं की निघायचं. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतो, तेव्हा काखेत १०० दिसलं तरी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करा. गुदद्वारात थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा यांतलं काहीही नको. तिथली बारीक चीर म्हणजे जंतूंना थेट रक्तात वाट.

निघण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप उतरतो, जंतू तसेच राहतात आणि कॅज्युअल्टीत 'आता तर ताप नाही' म्हणून बसवून ठेवतात. द्यावंच लागलं तर आधी आकडा आणि वेळ लिहून ठेवा. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्पिरिन मात्र कधीच नको. ही औषधं प्लेटलेटचं काम बिघडवतात, आणि मुळात प्लेटलेट कमी.

पोचल्यापासून तासाभरात शिरेतून पहिलं अँटिबायोटिक जायला हवं. दारातच म्हणा: "ल्युकेमियाचं मूल आहे, केमो सुरू आहे, ताप आहे, काउंट कमी असणार." ब्लड कल्चर घेतात आणि औषध लगेच सुरू करतात. कल्चरच्या रिपोर्टसाठी औषध थांबवायचं नसतं.

आता मुंबईची अडचण. घर डोंबिवलीला, विरारला किंवा पनवेलला, आणि रात्री बाराला रुळांवर पाणी. परळला, टाटा हॉस्पिटलला, पोचायला चार तास लागणार असतील तर परळला निघू नका. पहिला डोस जवळच्या हॉस्पिटलात घ्या, मग पुढचं. त्यासाठी आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा: आजार, कुठला टप्पा, शेवटची केमो कधी, वजन, तापात द्यायचं पहिलं अँटिबायोटिक आणि त्याचा डोस, कशाची अ‍ॅलर्जी. जवळच्या हॉस्पिटलला कोरड्या दिवशी जाऊन ती दाखवून या. पिशवीत ती चिठ्ठी, शेवटचा सीबीसी, प्रोटोकॉलची वही, रक्तगट, चार्जर.

आणि एक. स्टेरॉइड चालू असताना ताप येतोच असं नाही. हातपाय गार, मूल गळून पडलंय, लघवी कमी, पोटात उजवीकडे खाली दुखतंय, तर थर्मामीटर ९८ दाखवत असलं तरी निघा. औषध चढवणारी लाईन असेल आणि ती फ्लश केल्यावर (सलाईनने धुतल्यावर) अर्ध्या-एक तासात थंडी वाजून आली, तर जंतू लाईनमध्येच बसलेत असं समजा.

सहावी_गल्ली
धन्यवाद ताई. काउंट कमी म्हणजे कुठला आकडा बघायचा? रिपोर्टवर वीस ओळी असतात.

टेस्टट्यूब
एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा. लॅब छापत नसेल तर स्वतः काढा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. डब्ल्यूबीसी (एकूण पांढऱ्या पेशी) १,८०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के असतील तर १,८०० × २२ ÷ १०० = ३९६. पाचशेच्या खाली म्हणजे धोका जास्त. नुसत्या १,८०० वर जाऊ नका, तेवढ्यातच न्यूट्रोफिल ६० टक्के असतील तर एएनसी १,०८० होतो आणि चित्र बदलतं. आणि दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये जा, तुलना सोपी जाते.

लाल_डबा
प्लेटलेट दात्यांबद्दल. 'एसडीपी (मशीनवर एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट) हवी' असा मेसेज फिरवण्याआधी या गोष्टी तपासा, नाहीतर माणूस कर्जतहून येतो आणि परत जातो. वय १८ ते ६०, वजन ५० किलोंच्या वर, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर, गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी, हाताची शीर ठळक, पोट भरलेलं. मशीनवर साधारण दीड तास जातो. पुन्हा ४८ तासांनी देता येतं, वर्षात जास्तीत जास्त २४ वेळा. साठवण फक्त पाच दिवसांची, तीही २०-२४ अंशांत सतत हलवत ठेवून. म्हणून एकाच दिवशी दहा दाते बोलावू नका, तारखा वाटून द्या. गणपती, दिवाळी, मे महिन्यात मुंबई रिकामी होते, त्या आठवड्यांची यादी आधी करा.

रक्ताच्या नात्यातल्यांनी द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. पुढे त्याच भावंडाचा मगज लागणार असेल तर त्याचं रक्त आधी चढवलेलं अडचणीचं ठरू शकतं. पिशवी 'इरॅडिएटेड' (किरणं दिलेली) आणि 'ल्युकोरिड्यूस्ड' (पांढऱ्या पेशी गाळलेली) आहे का हेही विचारा. ताप नाही, रक्तस्राव नाही, तर प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्यावरच सहसा चढवतात. १८,००० पाहून घाबरून मागे लागू नका.

पागोळी
औषधांचे त्रास थोडक्यात, फक्त ओळखायला कठीण तेवढेच.

व्हिन्क्रिस्टीन आतडी आणि नसा मंद करतं: बद्धकोष्ठ, जबडा दुखणं, पाऊल घसटत चालणं. पहिल्या दिवसापासून शौचाची नोंद ठेवा, दोन दिवस झाली नाही की कळवा. बुरशीची काही औषधं, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, बरोबर गेली की हा त्रास एकदम वाढतो. बाहेरच्या डॉक्टरांनी लिहून दिली तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. हे औषध फक्त शिरेतून जायचं असतं. चुकून पाठीत गेलं तर जीव जातो, म्हणून पाठीचं इंजेक्शन आणि व्हिन्क्रिस्टीन वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी देण्याची पद्धत आहे. ट्रे आला की "हे कुठलं औषध, कुठे देणार?" असं विचारणाऱ्या आईबापांवर चांगली नर्स कधीच चिडत नाही.

अ‍ॅस्पॅराजिनेजनंतर पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन पाठीकडे जाते आणि उलट्या होतात, ते पित्त नव्हे, स्वादुपिंडाची सूज असू शकते. न थांबणारी डोकेदुखी, झटका, म्हणजे डोक्यातल्या शिरेत गुठळी असू शकते. स्टेरॉइडमध्ये मूल रात्री दोनला उठून वरणभात मागतं, चिडतं, रडतं, गाल फुगतात. तो स्वभाव नाही, औषध आहे. साखर आणि बीपी मात्र तपासून घ्या.

तोंड आलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा. दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. रोज नवीन पाणी करा.

गोळ्यांचा_डबा
मेंटेनन्स. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण मूल शाळेत जायला लागतं, केस येतात, आणि सगळ्यांचं लक्ष इथेच ढिलं पडतं.

दोन औषधं. ६-मर्कॅप्टोप्युरिन (६-एमपी) रोज. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. पुन्हा लिहितो, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज गेली तर आठवड्याभरात तोंड सोलवटतं, काउंट कोसळतात, मूल दगावू शकतं. ही चूक आजी-आजोबांकडे मूल ठेवल्यावर, केमिस्टने चिठ्ठी नीट न वाचल्यावर होते. एक वार ठरवा, कॅलेंडरवर लाल खूण करा आणि मेथोट्रेक्सेटचं पाकीट रोजच्या डब्यात ठेवूच नका.

हिशेब कसा असतो ते उदाहरणाने पाहा. अंगाचं क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर, ६-एमपी ५० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, म्हणजे रोज ३५ मिग्रॅ, आठवड्याला २४५. गोळी येते ५० ची. म्हणून डॉक्टर आठवड्याला पाच गोळ्या बसवतात: तीन दिवस पूर्ण, चार दिवस अर्धी. मेथोट्रेक्सेट २० च्या हिशेबाने १४, जवळचं १५ मिग्रॅ, म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या एकाच वेळी. आता केमिस्टने २.५ ऐवजी १० ची पट्टी दिली आणि घरी सवयीने सहा मोजल्या, तर ६० मिग्रॅ गेलं. पट्टीवरचा आकडा दर वेळी वाचा. गोळ्यांचा रंग आणि आकार कंपनीगणिक बदलतो, त्याच्यावर भरवसा नको.

६-एमपी रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो रात्री. गोळी अर्धी करायला दहा-वीस रुपयांचा कटर मिळतो. चुरडून पूड उडवू नका, घरात कुणी गरोदर असेल तर तिने हात लावू नये. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून द्यायची नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात गोळ्या ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या गेल्या त्या मुलांत आजार उलटण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. ९५ टक्के म्हणजे महिन्याला दीड गोळी चुकणं. लग्नाला गावी गेलो, पट्टी मुंबईत राहिली, दोन दिवस गेले, एवढंच पुरतं. गावी जाताना आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या घ्या.

काउंट पडले तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात. काउंट फार चांगले राहिले तर डोस वाढवतात, आणि तेव्हा पालक हरकत घेतात. घेऊ नका. मेंटेनन्समध्ये एएनसी मुद्दाम थोडा खाली ठेवायचा असतो. ३,५०० आला तर औषध पुरेसं लागू पडत नाहीये किंवा घेतलं जात नाहीये. उलट काही मुलांचे काउंट नेहमीच्या डोसनेही तळाला जातात. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला फरक आपल्या भागातल्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो. काउंट वारंवार पडत असतील तर ही तपासणी विचारा. अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरिक अ‍ॅसिडचं औषध ६-एमपीबरोबर स्वतःहून कधीही नको, ६-एमपीचा परिणाम अनेक पटींनी वाढतो.

आठवड्यातून दोन-तीन दिवस कोट्रायमॉक्साझोल असतं. ते 'साधं अँटिबायोटिक' म्हणून वगळलं जातं. ते न्यूमोसिस्टिस नावाच्या न्यूमोनियासाठी आहे आणि तो न्यूमोनिया या मुलांत फार वाईट जातो.

सहावी_गल्ली
शेजारच्या आजी गुळवेल, गव्हांकुर आणि 'रक्त वाढवायचं' टॉनिक सुचवतायत. प्रेमाने सांगतात, नाही कसं म्हणायचं?

गोळ्यांचा_डबा
"डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पाणीसुद्धा नाही आजी," असं त्यांच्या पाया पडून म्हणा.

गुळवेलीचं सांगायचं तर २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी ती घेतलेल्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. मेथोट्रेक्सेट आणि ६-एमपी दोन्ही यकृतावरच पडतात. त्यात भर कशाला? भस्मं तर नकोतच.

टॉनिकची गोष्ट मात्र समजून घेण्यासारखी आहे. रक्त वाढवायच्या टॉनिकात बहुधा फॉलिक अ‍ॅसिड असतं. १९४० च्या दशकात बोस्टनला सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिड दिलं की आजार आणखी पेटतो. मग फॉलिक अ‍ॅसिडला अडवणारं औषध दिलं तर? ते अमिनोप्टेरिन बनलं लेडर्ले प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली. भीमावरमला जन्मलेला आपला माणूस. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची माहिती छापली, त्यांतल्या दहा मुलांत सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही, पण औषधाने ल्युकेमिया मागे हटतो हे तिथून कळलं. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातलं. म्हणजे दर रविवारी मेथोट्रेक्सेट द्यायची आणि रोज सकाळी फॉलिक अ‍ॅसिडचं टॉनिक पाजायचं, हे एका हाताने बांधून दुसऱ्याने सोडल्यासारखं. मल्टिव्हिटॅमिनची बाटलीसुद्धा लेबल दाखवूनच सुरू करा.

लाल_डबा
खाण्यात 'सगळी फळं बंद, फक्त उकडलेलं' असं पाळायचं ना?

पागोळी
तितकं कडक पाळून संसर्ग कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि मूल मात्र खंगतं. स्वच्छता खरी महत्त्वाची. पाणी उकळून, इमारतीच्या टाकीवर विश्वास नको. अन्न ताजं आणि गरम, सकाळची डाळ संध्याकाळी नको. केळं, संत्रं, डाळिंब, पपई धुऊन घरी सोलून चालतं. बाहेरची चटणी, पाणीपुरी, बर्फाचा गोळा, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, कच्चं अंडं नको. अंडं पूर्ण उकडून रोज द्या. दही-ताकाबद्दल काउंट बघून तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम थोडा वेगळा असतो.

खाण्याइतकीच हवेची काळजी घ्या, त्याकडे कुणी बघत नाही. समोरची चाळ पाडून टॉवर उभा राहतोय, ती धूळ अ‍ॅस्परजिलस बुरशीचे कण घेऊन येते. त्या बाजूच्या खिडक्या बंद, फडकं ओलं, झाडू मारताना मूल दुसऱ्या खोलीत, बाहेर एन-९५. पावसाळ्यात भिंतीला काळी बुरशी धरते, ती मूल हॉस्पिटलात असताना साफ करून घ्या. एसीच्या खोक्यावर कबुतरांची विष्ठा असेल तर ती ओली करून काढा आणि जाळी बसवा.

केमोनंतर ४८ तास लघवी-शी साफ करताना हातमोजे, आणि फ्लश दोनदा.

परळ_नाका
बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटाचंच दुसरं केंद्र) समाजसेवा विभागाला पहिल्याच आठवड्यात भेटा, पैसे संपल्यावर नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराआधी मंजुरी लागते, तेव्हा रेशन कार्ड आणि मुलाचं आधार पहिल्या दिवसापासून जवळ हवं. दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच पाहा. अर्ज अडकतात ते बहुधा तिथेच.

राहण्यासाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये मूल आणि पालकांची विनामूल्य सोय होते. पहिलं केंद्र २००६ मध्ये लोअर परळला निघालं, आता कॉटन ग्रीन आणि खारघरलाही आहेत. तिथे हॉस्पिटलमार्फत नाव जातं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हेही जुने आधार आहेत. पदपथावर राहून केमो घेतलेल्या मुलाला संसर्ग गाठतोच, तेव्हा जागा मिळेपर्यंत समाजसेवकांचा पिच्छा सोडू नका.

रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला ७५ टक्के. फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यायचा. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना मुभा आहे, हॉस्पिटलचं कार्ड गळ्यात असू द्या. तरी काउंट कमी असताना गर्दीच्या वेळी लोकल टाळाच.

सहावी_गल्ली
आजार उलटला तर आता कार-टी आलंय ना, आयआयटीवालं?

टेस्टट्यूब
आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेली ती उपचारपद्धत नेक्सकार१९. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून आजाराशी लढायला परत सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, पण १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. लहान मुलांना ती चाचण्यांमधून मिळू शकते का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आजार उलटल्यावर किती लवकर उलटला, मगजात की पाठीच्या पाण्यात की वृषणात, यावर पुढचा रस्ता ठरतो. म्हणून मुलग्यांची आंघोळ घालताना वृषणाची न दुखणारी सूज कधीमधी बघायची, आणि दिसली तर लाजून गप्प बसायचं नाही.

उपचार संपल्यावरही हृदयाचा एको, उंची, हाडं यांची तपासणी चालू राहते. त्यासाठी टाटामध्ये १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, त्या तारखा चुकवू नका.

लाल_डबा
शेवटचं विचारतो. धाकट्या बहिणीचं लसीकरण थांबवायचं का? आणि शाळेत कांजिण्या निघाल्या तर?

सलाईन_स्टँड
धाकटीचं थांबवायचं नाही. फक्त तोंडातून द्यायचा पोलिओचा डोस नको, त्याचा जिवंत विषाणू शौचावाटे घरात फिरतो. तिला इंजेक्शनवाला पोलिओ द्या आणि पल्स पोलिओच्या रविवारी दारावर आलेल्या ताईंना कारण सांगून नम्रपणे नाही म्हणा. बाकीच्या लसी, गोवरासकट, तिला वेळेवर. घरातल्या सगळ्यांना दरवर्षी फ्लूची लस.

आजारी मुलाला मात्र उपचार चालू असताना जिवंत लसी नकोत: गोवर-रुबेला, कांजिण्या, तोंडातला पोलिओ. उपचार संपून साधारण सहा महिने झाल्यावर डॉक्टर लसी पुन्हा आखून देतात.

कांजिण्या किंवा नागीण झालेल्या कुणाबरोबर एका खोलीत वेळ गेला असेल तर फोड येण्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी कळवा. संपर्कानंतर ९६ तासांच्या आत प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त, ते मिळालं नाही तर अ‍ॅसायक्लोव्हिर देतात. वर्गशिक्षिकेचा नंबर घेऊन ठेवा आणि त्यांना एवढंच सांगा की वर्गात कुणालाही कांजिण्या, गोवर, गालगुंड निघालं की पहिला फोन तुम्हाला. ओपीडीत अशा मुलाला इतर केमोच्या मुलांमध्ये बसवू नका, गेटवरून फोन करून वेगळी जागा मागा.